शेजाऱ्याची बादली आणि आपले शुक्र

गेल्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. सामानाचा टेम्पो निघाला आणि जिना एकदम सुना वाटू लागला. जाण्यापूर्वी त्यांना एक गोष्ट सांगायची होती. ती जिभेवर यायला आम्हाला काही वर्षे लागली. तीच आज वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

आम्ही चिपळूणला राहतो. जुन्या दुमजली घराचा तळमजला आमच्याकडे, वर काका-काकू. वीस वर्षांचा शेजार. रमजान ईदला आमच्याकडून शीरखुर्म्याचा डबा वर जायचा, दिवाळीला वरून चकल्या-करंज्यांचे ताट खाली यायचे. त्यांच्या घरी मटण चालत नाही, म्हणून बकरी ईदला शेवयांची खीर जायची. भांडे रिकामे परत करायचे नाही, हा दोन्ही घरांचा न बोललेला नियम.

2021 च्या सुरुवातीला कपड्यांच्या दोरीवरून वाजले. वरच्या ओल्या चादरींचे पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकते, एवढाच मुद्दा. शब्दाला शब्द लागला आणि बोलणे थांबले. त्या वर्षी शीरखुर्मा वर गेला नाही. 21 जुलैला बकरी ईद झाली, खीरही गेली नाही. वर्गात मुलांना ‘आधी तुम्ही बोला’ असे शिकवणारे आम्ही, जिन्यात समोरासमोर आलो की मान खाली घालून निघून जायचो.

दुसऱ्याच दिवशी, 22 जुलैला, पहाटेच्या अंधारात दार बडवल्याचा आवाज आला. रात्रभर पाऊस कोसळत होता. दार उघडले तर काका टॉर्च घेऊन उभे, मागे काकू.

“सर, उठा! पाणी अंगणात आलंय. अम्मींना आधी वर न्या.”

वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी शहरात शिरले होते. अम्मींना धरून जिना चढवला, मुलांना उचलले, कागदपत्रांची पिशवी घेतली. तिसऱ्या फेरीला खाली जायला गेलो तर शेवटच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. थोड्या वेळाने खाली फ्रीज आडवा होऊन भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. कुर्बानीच्या गोश्ताचे नातेवाइकांसाठी ठेवलेले वाटे त्यातच होते.

ते करोनाचे दिवस होते. लोक एकमेकांना उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. काकूंनी आमच्या घरची सहा माणसे त्यांच्या दोन खोल्यांत घेतली. वीज नाही, फोन लागत नाही, नळाला पाणी नाही. पागोळ्यांखाली पातेली लावून पाणी धरले. पिण्याचे पाणी होते ते पेल्याने मोजून दिले. डाळ-तांदळाची खिचडी शिजली, ती आधी मुलांना आणि अम्मींना. दुपारी अम्मी खिडकीतून बाहेर बघत नमाजची वेळ चाचपत होत्या. काकूंनी स्वतःहून धुतलेली चादर काढली आणि विचारले, “पश्चिम इकडे ना? इथं घालू का?” अम्मींच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही भिंतीकडे बघत राहिलो. त्या चादरींवरूनच तर भांडण झाले होते.

पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल उरला. त्या दिवसांत आम्हाला कुरआनमधील एक छोटी सूरह नव्याने समजली. सूरह अल्-माऊन, अवघ्या सात आयतींची. शाळेत असल्यापासून पाठ. तिच्या शेवटी ‘माऊन’ देण्यास नकार देणाऱ्यांवर कठोर शब्द आले आहेत. माऊन म्हणजे रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू, असा अर्थ अनेक भाष्यकारांनी सांगितला आहे, आणि उदाहरणे दिली आहेत ती बादली, हंडी, कुऱ्हाड अशी. चिखलात उभे राहिल्यावर कळले की या यादीत सोने-चांदी का नाही. आमच्या गल्लीत तेव्हा सर्वांत मोलाची वस्तू होती एक फावडे. ते सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या घरी. कोणाची बादली कोणाकडे आहे याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कोरडी काडेपेटी हाती आली तेव्हा आमच्या तोंडून आपोआप ‘अल्हम्दुलिल्लाह’ निघाले. आयुष्यात हजारो काडेपेट्या वापरल्या, त्यांच्यासाठी कधी शुक्र केले होते?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की, जो माणूस सकाळी आपल्या घरात सुरक्षित उठला, शरीराने धड आहे आणि ज्याच्याकडे त्या दिवसाचे अन्न आहे, त्याला जणू सारी दुनियाच मिळाली. ही हदीस आम्ही मुलांना शिकवली होती. तिचा अर्थ मात्र पुराच्या पाण्याने आम्हाला शिकवला.

आणखी एक हदीस मनाला टोचत राहिली. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारले की, आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे काही पाठवले का? कारण शेजाऱ्याविषयीची ताकीद त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकली होती. आमच्याकडे कुर्बानी झाली आणि शेजाऱ्याकडे वाटीभर खीरही गेली नव्हती.

पुरानंतर डबे पुन्हा सुरू झाले. आम्ही काका-काकूंचे आभार मानले, अनेकदा मानले. पण दोरीचा विषय कधी काढला नाही. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण आम्हाला ठाऊक होती. पण ज्याचे मन दुखावले त्याची माफी न मागता मानलेले आभार अर्धेच राहतात, हे आतून जाणवत होते. दोन वर्षांपूर्वी काका गेले. त्यांना ते सांगायचे राहूनच गेले.

म्हणून काकू निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघे वर गेलो. खिरीचे पातेले पुढे ठेवले आणि म्हटले, “काकू, त्या वेळी आमचं चुकलं. दोरीवरून आम्ही फार बोललो. ते विसरून तुम्ही आमचं दार वाजवलंत.”

काकू खोक्याला सुतळी बांधत होत्या. म्हणाल्या, “विसरले कुठं? चांगलं आठवतंय. पण पाणी चढत होतं ना.” मग हसल्या. “आता दोरी तुम्हालाच. मी चालले.”

वाचकहो, तुमच्याही जिन्यात, गल्लीत, भिंतीपलीकडे असे कोणी असेल. कधी रात्री रिक्षा शोधून दिलेली, कधी मुलांना दोन तास सांभाळलेले, कधी नुसते कढीपत्त्याचे चार देठ दिलेले. हीदेखील अल्लाहची नेमत आहे, आणि प्रत्येक नेमतीबद्दल आपल्याला विचारले जाणार आहे. रस्सा शिजवाल तेव्हा पाणी थोडे वाढवा आणि शेजाऱ्यांना द्या, असे प्रेषितांनी (स.) हजरत अबू जर (रजि.) यांना सांगितले होते. त्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही. अबोला असेल तर वाटी घेऊन आधी तुम्ही जा. वाटी मुलांच्या हाती द्या आणि सोबत तुम्हीही चला, म्हणजे हे बोलायचे कसे तेही त्यांना कळेल.

काकूंनी खिरीचे पातेले रात्रीच परत केले. त्यात त्यांच्या कुंडीतली तुळस-पुदिन्याची रोपे होती. पुदिना आता आमच्या दाराशी वाढतो आहे.