राहिलेलं ऑपरेशन

मंडळी, कोविड म्हटलं की आपल्याला ताप आणि ऑक्सिजन आठवतो. पण ज्यांना कोविड झालाच नाही, असेही पुष्कळ पेशंट त्या साथीत भरडले गेले. 2020 साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने अंदाज काढला, की साथीच्या ऐन 12 आठवड्यांत जगभरातली सुमारे 2 कोटी 84 लाख ठरलेली ऑपरेशनं रद्द होतील किंवा पुढे जातील. त्यांत ब्रिटनमधली 5 लाखांवर होती.

इथे खोळंबा झाला, तरी नाव वेटिंग लिस्टवर राहिलं. सगळ्या उपचारांची मिळून इंग्लंडची ही यादी सप्टेंबर 2023मध्ये 77 लाखांवर गेली. सरकारला जाब विचारायला निदान आकडा तरी होता.

तिकडे मुंबईत एप्रिल 2020मध्ये नायर हॉस्पिटल कोविडसाठी राखून ठेवलं. लोकलही बंद. मग पेण-रेवदंड्याच्या गरिबाने मुंबई गाठायची कशी? भारतात अशी देशभराची यादीच नाही. घरी परतलेला पेशंट कोणाच्या हिशेबात येत नाही. साधा हर्नियाही आतडं अडकलं तर जिवावर बेततो.

साथीतही काही ऑपरेशन थिएटरं कोविडपासून वेगळी ठेवली, तर काम सुरक्षितपणे चालू राहतं, हे याच गटाने पुढे दाखवलं. पण त्यासाठी तयारी आधीच लागते.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. गावी फोन कराल तेव्हा "बरं आहे ना?" एवढ्यावर थांबू नका. "ते राहिलेलं ऑपरेशन झालं का?" हेही विचारा.