काठी कशी फिरते?



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी सांगितले, प्रत्येकाने स्वतःला येत असलेल्या एका गोष्टीची माहिती लिहा. कुणी कलम कसे बांधतात ते लिहिले, कुणी म्हशीची धार कशी काढतात ते लिहिले. मला काठी फिरवता येते, म्हणून मी काठीवर लिहीत आहे. खरे सांगायचे तर अजून पुरती येत नाही. पण कशी येत गेली आणि मध्ये बावीस दिवस कशी बंद पडली, तेही यात लिहिणार आहे.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात मर्दानी खेळ जुने आहेत. शहरात पेठांमधल्या तालमींत ते शिकवतात, आपल्याकडे खेड्यांतही शिकवतात. लाठी, बनाठी, फरी-गदगा, विटा, पट्टा असे त्यांचे प्रकार आहेत. फरी म्हणजे ढाल आणि गदगा म्हणजे कातडे चढवलेली काठी. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकून परत ओढता येतो. असे खेळ फक्त आपल्याकडेच आहेत असे नाही. तमिळनाडूत काठीच्या खेळाला सिलंबम म्हणतात, पंजाबात गतका आहे, मणिपुरात थांग-ता आहे. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. मग परवान्याशिवाय तलवारी-भाले बाळगता येईनात. पण काठीला कोण बंदी घालणार! गुराख्याच्या हातात काठी, म्हाताऱ्याच्या हातात काठी.

आमचा वर्ग मारुतीच्या देवळापुढच्या चौकात संध्याकाळी सहाला भरतो. याला शाळेसारखी फी नाही. पहिल्या दिवशी मारुतीला एक नारळ फोडायचा, बस्स. शिकवणारेही पगारी नाहीत. सगळ्यांत थोरले आबा, त्यांची सत्तरी उलटली आहे. एक शिंपीकाका आहेत. एक दादा एसटीत वाहक आहेत, ते ड्युटी नसेल त्या दिवशी येतात. दूध संस्थेत फॅट काढणारे एक काका आहेत, आणि कॉलेजला जाणाऱ्या दोन ताया आहेत. ही सगळी माणसे दिवसभर आपापली कामे करतात आणि संध्याकाळी हौसेने येतात. एकाला सगळे येत नाही. आबांना पट्टा येतो, शिंपीकाकांचा हात बनाठीत चांगला आहे, आणि पायांची चूक एसटीवाले दादा जशी पकडतात तशी कुणी पकडत नाही. म्हणून आम्ही मुले एकाकडून दुसऱ्याकडे पाठवली जातो. ‘जा, पाय दादाला दाखवून ये,’ असे आबा म्हणतात.

आता काठीविषयी. काठी भरीव बांबूची हवी. आपल्याकडे त्याला चिवा म्हणतात. पोकळ बांबू हलका असतो, पण दोन टोले बसले की उभा चिरतो आणि त्याची सळई हातात घुसते. काठी तोडल्यावर सावलीत वाळवायची. उन्हात टाकली तर ती वाकते. पेरांवरचे डोळे तासून, काचेने खरवडून गुळगुळीत करायचे. मोठ्यांची काठी कपाळापर्यंत असते, आम्हा मुलांना खांद्याइतकी देतात. माझी १२० सेंटिमीटर आहे. शेवटी जवसाचे तेल चोळायचे, म्हणजे काठी तडकत नाही. तेलाबद्दल पुढे सांगते, कारण माझे सगळे रामायण त्या तेलातूनच झाले.

काठी मधोमध धरायची असे सगळ्यांना वाटते. ते चूक आहे. बांबू बुडाला जाड आणि शेंड्याला बारीक असतो, म्हणून त्याचा तोल मधोमध नसतो. काठी एका बोटावर आडवी ठेवून पाहा. ती जिथे स्थिर राहते ती जागा मध्यापासून बुडाकडे सरकलेली असते. तिथे दोरा गुंडाळायचा आणि तिथे धरायचे. मी पहिले आठ दिवस काठी घट्ट आवळून धरत होते. फिरायचीच नाही. आबा म्हणाले, “पोरी, आवळून धरलीस तर ती फिरंल कशी? कोंबडीचं पिल्लू धरतीस न्हवं, तशी धर. सुटायला नको आणि मरायलाबी नको.”

मग मनगटाचे काम येते. आपले मनगट चाकासारखे गोल गोल फिरत नाही. थोडे फिरले की अडते. मग काठी न थांबता कशी फिरते? तर ती उजव्या बाजूला एक फेरी मारते आणि लगेच डाव्या बाजूला एक फेरी मारते. उजवीकडे मनगटाला पडलेला पीळ डावीकडे उलगडतो. हवेत पाहिले तर इंग्रजी आठचा आकडा आडवा पाडल्यासारखी वाट दिसते. एकदा ही वाट सापडली की काठी आपली आपणच जाते, हाताने फक्त थोडा थोडा धक्का द्यायचा. मला ती सतराव्या दिवशी सापडली. मी इतक्या मोठ्याने ओरडले की देवळातला पुजारी बाहेर आला.

पट्ट्याचे उलटे आहे. पट्ट्याचे पाते लांब, सरळ आणि लवचिक असते. त्याच्या मुठीवर लोखंडी खोबळा असतो, तो कोपरापर्यंत हात झाकतो. आतली आडवी मूठ धरायची. हात असा खोबळ्यात गेला की मनगट वळवताच येत नाही. म्हणून पट्टा खांद्याने, कमरेने आणि पायांनी फिरवावा लागतो. आबा पट्टा फिरवतात तेव्हा हातापेक्षा त्यांच्या पायांकडे बघावे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हा आबांनी सगळ्यांना पेढे वाटले होते. प्रतापगडाखाली जिवा महालाने सय्यद बंडाचा वार अडवला ही गोष्ट आपण चौथीत वाचली. पण असा वार वेळेवर अडवायचा तर आधी तो हात किती वर्षे फिरलेला असेल, हे मला पुस्तकात कळले नव्हते, चौकात कळले.

बनाठी म्हणजे दोन्ही टोकांना गोळे असलेली काठी. टोके जड झाली की ती सुरू करायला जोर लागतो, पण एकदा सुरू झाली की लवकर थांबत नाही. गुरुजींनी विज्ञानात जडत्व शिकवले, ते हेच. जत्रेत आणि मिरवणुकीत हे गोळे पेटवतात. त्यासाठी सुती चिंध्याच घेतात आणि बारीक तारेने घट्ट आवळतात. टेरिलीनसारखे कापड चालत नाही. ते वितळते आणि जळते थेंब अंगावर उडतात. रॉकेलमध्ये भिजवल्यावर काठी आधी बाजूला नेऊन झटकतात, मगच काडी लावतात. जवळ भिजवलेली पोती आणि वाळूची घमेली तयार असतात. आपल्याला दोन दिवे न दिसता आगीचे अख्खे चक्र दिसते, कारण डोळ्यांपुढचे चित्र क्षणभर डोळ्यांत टिकून राहते. याला दृष्टिसातत्य म्हणतात. आम्हा मुलांच्या हातात पेटती बनाठी देत नाहीत. आई-वडिलांनी काळजी करू नये.

पण काळजी करण्यासारखे एकदा झाले, तेही पेटत्या बनाठीने नव्हे तर साध्या काठीने. ते लिहावे की नाही असा मला प्रश्न पडला होता. आबा म्हणाले, ते नाही लिहिलेस तर बाकीचे लिहून उपयोग काय.

शिवजयंतीला आमची प्रात्यक्षिके असतात. जानेवारीत सराव जोरात चालला होता. माझी काठी सगळ्यांत चकचकीत दिसावी म्हणून मी सकाळी तिला तेल चोळले आणि पुसली नाही. तेल चोळल्यावर दोन-तीन दिवस मुरू द्यायचे आणि कोरड्या फडक्याने घासून काढायचे, हे मला सांगितलेले होते. मी तशीच काठी घेऊन उभी राहिले. माझा धाकटा भाऊ पहिलीत आहे. तो माझे बघायला समोर येऊन उभा राहिला. काठी हातातून सुटली आणि त्याच्या भुवईवर लागली. रक्त डोळ्यांत उतरले, म्हणून डोळाच गेला असे मला वाटले. दवाखान्यात तीन टाके पडले. डोळा वाचला.

आई म्हणाली, “काठी चुलीत घालते.” चुलीत घातली नाही, माळ्यावर टाकली. मलाही ती नकोच होती. स्वप्नात काठी सुटायची. मी चौकातून जायचे सोडले, दुकानात जायचे तरी मागच्या बोळातून जायचे.

मग एका संध्याकाळी आबा, शिंपीकाका आणि दोघी ताया घरी आल्या. मला वाटले आता बोलणी बसणार. आबांनी आधी भावाला जवळ घेऊन टाका पाहिला. मग आईला म्हणाले, “चूक पोरीची एक हाय, आमच्या दोन हायत्या. सरावाच्या आधी काठ्या बघायच्या, त्या बघितल्या न्हाईत. आणि कडंला कुणी मानूस उभा केला न्हाई.”

आई म्हणाली, “डोळा गेला असता तर?”

कुणी काही बोलले नाही. मग आबा म्हणाले, “गेला असता.” आणि मान खाली घालून बसले. बऱ्याच वेळाने आई चहा ठेवायला उठली.

तायांनी मला अंगणात नेऊन एक गोष्ट समजावली, ती मी तुम्हालाही सांगते. हातातून सुटलेली काठी गोल जात नाही, सरळ जाते. गोफणीतला दगड जसा सुटला की सरळ जातो, तसेच. आपण बाजूला काठी फिरवतो तेव्हा ती पुढून वर, मागून खाली अशी फिरते. म्हणजे सुटली तर ती पुढे किंवा मागे जाणार. म्हणून बघणाऱ्याने फिरवणाऱ्याच्या पुढे-मागे उभे राहायचे नाही. भाऊ नेमका पुढे होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गुरुजींना विचारले, काठीचे टोक किती वेगाने जाते? त्यांनी मलाच फळ्यावर गणित करायला लावले. आपण सातवीत वर्तुळाचा परीघ शिकलो आहोत. हात स्थिर आहे आणि काठी मध्यावर धरली आहे असे समजायचे. व्यास १२० सेंटिमीटर, म्हणून परीघ सुमारे ३७७ सेंटिमीटर. मी १० सेकंदांत १४ फेऱ्या मारते. म्हणजे टोक १० सेकंदांत जवळजवळ ५३ मीटर जाते. तासाचा हिशोब केला तर १९ किलोमीटर. जोरात हाणलेल्या सायकलीइतका! शिंपीकाकांची काठी १५० सेंटिमीटर आणि फेऱ्या १० सेकंदांत २५. त्यांचे उत्तर ताशी ४२ किलोमीटरच्या वर आले. त्यांना दाखवले तर म्हणाले, “आगं, मग मशीन चालवत बसतो ते उगंच की!” पण दुसऱ्या दिवसापासून चौकात चुन्याची रेघ मारली गेली आणि ती पूर्वी ठरवली होती त्याच्या दुप्पट लांब.

आई म्हणाली, पाठवते, पण आधी मी बघणार. दोन संध्याकाळी ती भाकरी उरकून रेघेबाहेर येऊन उभी राहिली, पदर खोचून, कुणाशी न बोलता. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. काठी दोनदा पडली. ताई शेजारी उभी राहून माझ्याबरोबर हळू हळू फिरवत राहिली, अगदी शिकताना पहिल्या आठवड्यात फिरवतो तशी. तिसऱ्या दिवशी घरी जाताना आई एकच वाक्य बोलली, “तुझा डावा हात उजव्याच्या मागं ऱ्हातोय.” खरेच राहतो. दादांनीही तेच सांगितले.

त्या शिवजयंतीला मी प्रात्यक्षिकात नव्हते. रेघेवर उभी राहून लहान मुलांना मागे सारत होते. पुढच्या खंडेनवमीला शस्त्रपूजन झाले, तेव्हा आबांनी माझी काठी पट्ट्याशेजारी ठेवली आणि हळद-कुंकू लावले. त्यानंतरच्या शिवजयंतीला मी फिरवली.

आता आमच्याकडे रोज सरावाआधी सगळ्यांच्या काठ्या तपासतात. चीर आहे का, दोरा सुटला आहे का, तेल ओले आहे का हे बघतात. हाताला कोरडी माती चोळून मगच काठी उचलायची. तपासणारा आणि रेघ सांभाळणारा असा एक माणूस ठरलेला असतो, तो त्या दिवशी स्वतः फिरवत नाही.

तुम्हाला यायचे असेल तर संध्याकाळी सहाला या. चपला देवळाच्या पायरीशी काढाव्यात. आई-वडिलांनी रेघेबाहेर, बाजूला उभे राहावे, समोर नको. शिट्टी माझ्या भावाकडे असते, आणि तो कुणाचेही ऐकत नाही.

इयत्ता सातवी