उरल्यासुरल्याचीं पेयें

'कॉकटेल' हा शब्द उच्चारला कीं आपल्याकडील सभ्य घरांतून दोन तऱ्हेचे चेहरे दिसतात : कांहींचे आंबट होतात, कांहींचे उगाच खुलतात. श्रोतेहो, दोन्ही पक्षांना मी आधींच सांगून टाकतों कीं, माझ्या आजच्या भाषणांत मद्याचा थेंब नाहीं. त्या शब्दामागची कल्पना मात्र मला हवी आहे. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील हडसन या गांवीं निघणाऱ्या एका वृत्तपत्रानें १८०६ सालीं वाचकाच्या पृच्छेवरून या शब्दाचा अर्थ छापला होता. मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचें मिश्रण, असा तो अर्थ. यांतून पहिली वस्तु वगळली तरी मूळ विचार शाबूत राहतो. तो असा कीं, कोणताहि रस एकटा आला तर जिभेला त्याचा लवकरच कंटाळा येतो. परस्परांशीं न जुळणारे रस मापानें एकत्र आले म्हणजे गोडी उत्पन्न होते.

आतां हे रस आपल्या घरांत कोठें असतात? माझें म्हणणें असें कीं, त्यांपैकीं उत्तमांतले कित्येक आपण रोज केराच्या बादलींत टाकतों. फळाचा गोडवा गरांत असतो हें खरें, परंतु लिंबू-संत्र्यांचा सुगंध सालींत असतो. चक्क्यासाठीं टांगलेल्या दह्यांतून गळणारें पाणी आंबूस व रुचकर असतें. कोथिंबिरीच्या पानांपेक्षां तिच्या कोंवळ्या देठांना वास अधिक, आणि आल्याच्या सालींतहि आल्याचा तिखटपणा असतोच. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत सुमारें १०५ कोटी टन अन्न वायां गेलें, आणि त्यांतील शेंकडा ६० हिस्सा दुकानांतून वा खाणावळींतून नव्हे, तर घरांतून गेला. या आंकड्यांत साली, कोया, हाडें हींहि धरलेलीं आहेत. तेव्हां सगळेंच कोणाच्या मुखीं लागलें असतें असें नव्हे. तरी पण घराचा वाटा एवढा मोठा असावा ही गोष्ट विचार करण्यासारखी खरीच.

ही विद्या आपल्याला परकी नाहीं. पुरणाची डाळ शिजल्यावर निथळलेल्या पाण्याला आपण 'कट' म्हणतों आणि त्याची आमटी पोळीपेक्षांहि आवडणारे लोक प्रत्येक घरांत एकदोन असतातच. ताक हें तरी काय? लोणी काढून घेतल्यावर मागें राहिलेलें पाणीच तें. आमरस काढल्यावर कोया व साली पाण्यांत चोळून जें पाणी निघतें त्याचा फजिता होतो. परंतु या कलेचा कळस पाहावयाचा असेल तर कोंकणांत रातांब्याकडे पाहावें. फळ फोडलें कीं साल, गर आणि बी असे तीन भाग होतात. सालींना त्याच फळाच्या खारट रसाचीं पुटें देत पुनःपुन्हां उन्हांत वाळविलें म्हणजे आमसुलें होतात. साली साखरेंत मुरविल्या कीं सरबताचा पाक मिळतो. मिठानें सुटलेला रस 'आगळ' म्हणून वर्षभर टिकतो. आणि बिया वाळवून, कुटून, उकळून त्यांपासून पांढरट घट्ट तेल काढतात, तें हिंवाळ्यांत फुटलेल्या टांचांना लावण्याच्या उपयोगीं पडतें. नारळाचें पहिलें दाट दूध दुसऱ्या पदार्थाला वापरल्यावर चोथ्यावर कोमट पाणी घालून जें दुसरें दूध निघतें, त्यांत हें आगळ घातलें, लसूण-मिरची ठेंचून लावली, म्हणजे सोलकढी तयार. मिश्रपेयाचे सर्व नियम तींत पाळले गेले आहेत. आंबट आगळ, स्निग्ध दूध, तिखट मिरची व मीठ यांपैकीं एकहि दुसऱ्यासारखें नाहीं.

सालींतील सुगंध कसा मिळवावा हें थोडें सविस्तर सांगतों, कारण तेथेंच बहुतेकांची निराशा होते. शाळेंत असतांना मी मुलांना एक प्रयोग दाखवीत असें. संत्र्याची ताजी साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून चटकन् दुमडली कीं तिच्यांतून बारीक तुषार उडतात व ज्योतींत चटचट पेटतात. हे तुषार पाण्याचे नव्हेत, तेलाचे आहेत. सालीच्या रंगीत थरांत त्या तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. तेल पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून साली नुसत्या पाण्यांत भिजत टाकल्या तर सुगंध फारसा उतरत नाहीं, आंतल्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा मात्र उतरतो. साखरेची गोष्ट निराळी. तिच्या दाण्यांच्या कडा त्या पिशव्या फोडतात, आणि साखर सालींतील ओलावा ओढून घेते तेव्हां त्याबरोबर तेलहि बाहेर येऊन त्या पाकांत मिसळतें. न्यूयॉर्कचा जेरी टॉमस यानें १८६२ सालीं मिश्रपेयांचें जें पुस्तक छापलें, त्यांत 'पंच' या पेयासाठीं लिंबाच्या सालीवर साखरेचे खडे घांसून हा अर्क काढण्यास सांगितलें आहे. या 'पंच'चें नांव आपल्या 'पांच' या शब्दावरूनच पडलें असें पुष्कळ कोशकार मानतात, कारण त्यांत मद्य, साखर, लिंबू, पाणी व मसाला अशा पांच वस्तु असत. इंग्रज कंपनीच्या नोकरांच्या १६३२ सालच्या पत्रव्यवहारांत हा शब्द आढळतो. म्हणजे साहेबांच्या मेजवानींतील हें पेय इकडूनच तिकडे गेलें म्हणावयाचें.

कृति सोपी आहे. संत्रीं किंवा मोसंबीं सोलण्यापूर्वीं कोमट पाण्यानें चोळून धुवावीं, कारण बाजारांतील फळांवर कधीं औषधाचे फवारे, तर कधीं मेणाचा लेप असतो. सालीच्या आंतला पांढरा भाग चमच्यानें खरवडून टाकावा. उरलेल्या पातळ सालींचें वजन करून तितकीच साखर घ्यावी, दोन्ही हातानें चांगलीं चुरडावीं आणि कांचेच्या बरणींत झांकून रात्रभर ठेवावीं. सकाळीं तळाशीं पिवळसर, दाट, अतिशय सुवासिक पाक साठलेला दिसतो. तो दोन चमचे, लिंबाचा रस एक चमचा, चिमूटभर मीठ आणि पेलाभर थंड पाणी, असें प्रमाण धरावें व पुढें आपल्या जिभेप्रमाणें बदलावें. मीठ विसरूं नये. तें खारटपणासाठीं नसून कडवटपणा दाबण्यासाठीं आहे. आपल्या कागदी लिंबाची साल इतकी पातळ असते कीं ती सोलण्याला हात सराईत लागतो, म्हणून नवशिक्यानें आरंभ संत्र्यापासून करावा हें बरें.

गोड पाकाचा प्रश्न याहून सोपा. दिवाळीनंतर गुलाबजाम संपतात आणि पातेल्यांत वेलदोडा-केशराचा पाक उरतो. कोणी तो मोरींत ओततो, कोणी मुंग्या लागेपर्यंत जपतो. तो गाळून, एक उकळी काढून, थंड झाल्यावर वर गोठलेलें तूप काढून टाकलें, तर सरबतासाठीं याहून चांगली साखर दुकानांत मिळणार नाहीं. लिंबाचा रस घालून किंवा थंड दुधांत मिसळून तो घ्यावा. मोरावळ्याच्या बरणीला चिकटलेला पाक, लिंबाच्या गोड लोणच्याचा तळाशीं राहिलेला खार, हींहि अशींच. बरणींत उकळून निवविलेलें पाणी घालून ती खळखळून हालवावी. बरणी निम्मी धुतली जाते आणि पेलाभर पन्हें पदरांत पडतें. कलिंगडाच्या सालीचा हिरवा कठीण भाग काढून आंतला पांढरा गर आलें, लिंबू व सैंधव घालून वाटला तर उन्हाळ्यांत छान लागतो.

चक्क्याच्या पाण्याकडे मात्र माझें विशेष लक्ष आहे. एक लिटर दुधाचें दहीं टांगलें तर अर्ध्याहून अधिक भाग पाणी म्हणून गळतो, आणि श्रीखंडाच्या दिवशीं घरोघर तो सरळ मोरींत जातो. दुधांतील साखरेचा बराच भाग, कांहीं क्षार आणि थोडीं प्रथिनें त्यांत उतरलेलीं असतात. स्वित्झर्लंडमध्यें १९५२ पासून 'रिवेला' नांवाचें पेय याच दुधाच्या निवळीपासून करून बाटल्यांत विकतात. आपण त्यांत भाजलेल्या जिऱ्याची पूड, पुदिन्याचे देठ ठेंचून, साखर व मीठ घातलें कीं काम झालें. तें आधींच आंबट असल्यामुळें लिंबू लागत नाहीं. पनीर फोडतांना निघालेलें पाणीहि चालतें. फक्त त्याचा आंबटपणा कमी असल्यामुळें तेथें लिंबू पिळावें.

आंबवून पेयें करण्याची रीत अनेक देशांत आहे. मेक्सिकोंत अननसाच्या साली, गूळ व दालचिनी पाण्यांत घालून, वर फडकें बांधून दोनतीन दिवस ठेवतात. सालीवरचेंच किण्व कामाला लागतें व बुडबुडे येऊं लागले कीं गाळून थंड पितात. त्याला 'तेपाचे' म्हणतात. तिकडचा गूळ आपल्या गुळासारखाच असतो, म्हणून हा प्रकार आपल्याकडेहि साधतो. रशियांत राईची शिळी पाव भाजून 'क्वास' करतात. या दोहोंत थोडेंसें मद्यार्क उत्पन्न होतें, हें ज्यांना व्रत आहे त्यांनीं व मुलाबाळांच्या घरांनीं ध्यानीं ठेवावें. त्यांनीं अननसाच्या साली आंबविण्याऐवजीं गुळाच्या पाण्यांत पंधरा मिनिटें उकळून, गाळून घ्याव्या. चव निराळी येते, पण वाईट नव्हे. अलीकडे खुद्द मद्यगृहांनाहि हा विचार पटूं लागला आहे. २०१६-१७ च्या सुमारास लंडनमधील दोघां मिश्रपेयकारांनीं 'ट्रॅश टिकी' या नांवानें, म्हणजे कचऱ्याचें नांव मुद्दाम पुढें करून, पिळून टाकलेल्या लिंबांच्या साली उकळून त्यांचा अर्क वापरण्यास सुरुवात केली. सोलकढी पिणाऱ्यांना त्याचें फारसें नवल वाटूं नये.

आतां जेथें काटकसर थांबली पाहिजे त्या जागा सांगतों. त्या सांगितल्याशिवाय हें भाषण देणें मला योग्य वाटलें नसतें. पहिली जागा म्हणजे दुधी. दुधीची साल किंवा गर कडू लागला तर तो रस तत्क्षणीं थुंकून टाकावा व सगळा दुधी फेंकून द्यावा. त्या कडूपणांत विष असतें, आणि अशा रसानें आपल्या देशांत माणसें दगावलेलीं आहेत. दुसरी, भाताची पेज आणि शिजविलेल्या धान्याचें पाणी. शिजलेल्या भातांत कांहीं जंतूंचीं बीजें उकळण्यानें मरत नाहींत. भात वा पेज उन्हाळ्यांत ओट्यावर राहिली कीं तीं वाढतात व विष निर्माण करतात, आणि तें विष पुन्हां उकळून जात नाहीं. 'एक उकळी काढली म्हणजे दोष गेला' ही आपल्या घरोघरची समजूत म्हणूनच धोक्याची आहे. पेज दोन तासांच्या आंत थंड करून फ्रिजमध्यें ठेवावी, नाहीं तर ताजीच प्यावी. तिसरी जागा भांड्याची. आंबट पेय कल्हई नसलेल्या तांब्यापितळेंत कळकतें हें आजीला ठाऊक होतें, आपण विसरलों. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा भाग काढून खालचा वापरण्याचा मोह पातळ पदार्थांत तरी मुळींच धरूं नये. आणि जें प्यायला आपलें मन घेत नाहीं तें मोलकरणीच्या हातांत देऊं नये. कित्येक घरांत यालाच काटकसर म्हणतात. मला त्याला दुसरें नांव द्यावेंसें वाटतें.

एक हिशोब आणखी. चार सालींसाठीं पाव किलो साखर खर्चिली तर वांचविलें काय? साखर ही देखील ऊंस, पाणी व इंधन यांतूनच येते. म्हणून वरच्या कृतींत साखर सालीच्या वजनाइतकीच सांगितली, आणि मधुमेही माणसानें तर पाकाच्या वाटेला न जातां ताक, चक्क्याचें पाणी व आगळ यांकडे वळावें. शिवाय हीं सारीं कामें आपोआप होत नाहींत. साली खरवडणें, गाळणें, बरण्या धुणें यांत वेळ जातो, आणि तो बहुधा घरांतील एकाच माणसाचा जातो. पेयाचें कौतुक करणाऱ्यांनीं गाळणें हातीं घेतलें तर हरकत नसावी.

पाक काढून घेतल्यावर ज्या साली उरतात त्या बारीक चिरून, मंद विस्तवावर घटकाभर परतून, कोरड्या झाल्या कीं शिऱ्यांत किंवा केकमध्यें घालाव्या. पिळलेल्या लिंबांच्या फोडी मीठ लावून तांब्यापितळेच्या भांड्यांना घांसाव्या. नंतर त्या स्वच्छ धुवून, बारीक तुकडे करून, परसांत जागा असेल तर खताच्या खड्ड्यांत टाकाव्या; एकाच कुंडींत पुष्कळ टाकूं नयेत, कारण लिंबाची साल सावकाश कुजते व तिच्या आंबटपणानें तुळशीसारखीं नाजूक रोपें कोमेजतात.