संगणकाच्या विद्युत्‌पुरवठा-पेटीतील दाबाचे समायोजन

टेबलावरील संगणक निकामी झाला तरी त्यातील विद्युत्‌पुरवठ्याची पेटी पुष्कळदा शाबूत राहते, आणि प्रयोगशाळेत १२ व ५ व्होल्टांचा स्वस्त पुरवठा म्हणून ती वापरण्याचा विचार साहजिकच मनात येतो. काही उपकरणांना मात्र १२ व्होल्ट अपुरे पडतात. मोटारीतील बॅटरीवर चालणारी बिनतारी यंत्रे बहुधा १३.८ व्होल्टांसाठी योजिलेली असतात. अशा वेळी पेटीतील कोणता रोध बदलावा, असा प्रश्न विचारला जातो. त्याआधी एक रोध बदलल्याने काय काय बदलते, हे पाहणे अगत्याचे आहे. येथे १९९५ साली इंटेल कंपनीने पुढे आणलेल्या एटीएक्स रचनेच्या, परंतु जुन्या बांधणीच्या पेट्या अभिप्रेत आहेत.

अशा पेटीत घरगुती प्रवाह प्रथम एकदिश केला जातो. नंतर ट्रँझिस्टर त्याचे सेकंदास हजारो वेळा तुकडे करून ते रोहित्रात सोडतात. प्रत्येक तुकडा किती काळ टिकावा, हे टीएल ४९४ सारखे नियंत्रक मंडल ठरविते. बाहेर पडणाऱ्या दाबाचा ठराविक अंश रोधांच्या साखळीतून त्याच्याकडे परत येतो. नियंत्रक त्याची तुलना एका स्थिर दाबाशी, समजा २.५ व्होल्टांशी, करतो आणि अंश कमी भरल्यास तुकडे लांबवितो. म्हणजे नियंत्रकास १२ हा आकडा ठाऊकच नसतो. त्याला कळते ते एवढेच की, आपल्या टोकाशी २.५ व्होल्ट आहेत किंवा नाहीत.

आता खरी मेख अशी की, १२ आणि ५ व्होल्टांचे दोन्ही मार्ग एकाच रोहित्रावरून निघतात व दोहोंची वार्ता एकाच टोकाशी एकत्र होते. उदाहरणादाखल, १२ व्होल्टांकडून १९ किलोओहम, ५ व्होल्टांकडून ५ किलोओहम आणि टोकापासून जमिनीकडे २.५ किलोओहम असे रोध कल्पू. दोन्ही मार्गांतून प्रत्येकी अर्धा मिलिअँपिअर येतो आणि खालच्या रोधातून एक मिलिअँपिअर जातो, हिशेब जुळतो. समजा, ५ व्होल्टांवर जड भार पडून तो दाब ४.८ झाला. त्या बाजूने ०.०४ मिलिअँपिअर कमी येईल आणि ती तूट दुसऱ्या बाजूने भरून निघेपर्यंत १२ चा दाब चढेल, तो १२.७६ व्होल्टांवर स्थिरावेल. ५ टक्क्यांची मान्य मर्यादा १२.६ आहे. म्हणजे ५ चा मार्ग मर्यादेत आणि १२ चा मर्यादेबाहेर, असा प्रकार पेटीत कोणताही बिघाड नसता घडू शकतो. अशा वेळी रोधाला हात न लावता ५ व्होल्टांवरील भार कमी करावा, अथवा १२ व्होल्टांवर थोडा भार जोडावा, हेच इष्ट.

१३.८ व्होल्टांसाठी खालचा रोध सुमारे २ किलोओहम केला, तर ५ चा मार्गही त्याच प्रमाणात वाढून ५.७५ वर जातो. इंटेलच्या मार्गदर्शिकेनुसार अतिदाब-प्रतिबंधक मंडल या मार्गावर ५.७४ ते ७ व्होल्टांच्या दरम्यान केव्हाही पेटी बंद करू शकते. तेव्हा पेटी सुरू होताच बंद पडली तर नवल नाही. येथे उत्साही मंडळी ते प्रतिबंधक मंडलच तोडून टाकतात. हा उपाय सर्वथा त्याज्य होय. शिवाय १२ च्या मार्गावरील संधारित्रे बहुधा १६ व्होल्टांचीच असतात. त्यांना फारशी सवड उरत नाही. आणि असा फेरफार केलेली पेटी पुन्हा संगणकास जोडली, तर त्यातील तबकड्या व मुख्य फलक दोन्ही धोक्यात येतात.

माणसाला असलेला धोका याहून मोठा आहे. २३० व्होल्टांचा प्रवाह एकदिश केल्यावर प्रवेशाकडील संधारित्रांवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि खटका बंद केल्यानंतरही ते काही काळ राहू शकतात. त्या बाजूचे उष्णता पसरविणारे धातूचे पत्रेदेखील वीजभारित असू शकतात. म्हणून तार काढून, थांबून, मीटरने दाब मोजल्यावाचून आत बोट घालू नये. चालू पेटीत फिरता रोध पेचकसाने फिरविण्याची पद्धत विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अलीकडील अनेक पेट्यांत मुख्य रोहित्रातून केवळ १२ व्होल्ट घेतात आणि ५ व ३.३ व्होल्ट त्यांपासून स्वतंत्र परिवर्तकांनी तयार करतात. तेथे एकाचा भार दुसऱ्याच्या दाबास ओढीत नाही. १३.८ व्होल्टच हवे असल्यास पेटी बंदच ठेवून तिच्या १२ व्होल्टांपुढे दाब वाढविणारा छोटा परिवर्तक जोडणे अधिक सोयीचे. त्याचा दाब निर्धास्तपणे फिरविता येतो.