शंभर ग्रॅम यीस्ट कोण खातं?

पोषणमूल्यांच्या तक्त्यात सगळे पदार्थ एकाच मापाने मोजलेले असतात. तांदूळ शंभर ग्रॅम, दूध शंभर ग्रॅम आणि हिंग, हळद, मिरपूड हेही शंभर ग्रॅम. अभ्यासकांच्या दृष्टीने हे माप सोयीचं आहे, त्याशिवाय आकडे शेजारी ठेवताच येणार नाहीत. पण याच मापावर दोन पदार्थांची कुस्ती लावायची आणि विजेता जाहीर करायचा ही हौस अलीकडे फार वाढली आहे. अशी एक कुस्ती आपणही लावून बघू: एका बाजूला पावातलं सुकं यीस्ट, दुसऱ्या बाजूला काजूगर. जोडी विचित्र वाटेल, पण गोवा-कोकणात ती शोभते. काजूचं झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं आणि पाव भाजायची रीतही त्यांच्याबरोबरच आली.

कागदावर यीस्ट काजूला पहिल्याच फेरीत चीत करतं. शंभर ग्रॅम सुक्या यीस्टमध्ये सुमारे 40 ग्रॅम प्रथिनं, काजूत 18. तंतू यीस्टमध्ये 27 ग्रॅम, काजूत जेमतेम 3. ऊर्जा यीस्टची सव्वातीनशे कॅलरी, काजूची साडेपाचशे. चरबी यीस्टमध्ये साडेसात ग्रॅम आणि काजूत 44. ब गटातल्या जीवनसत्त्वांत तर तुलनाच नको. बी-1 म्हणजे थायमिन यीस्टमध्ये 11 मिलिग्रॅम, तर काजूत अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. फोलेट यीस्टमध्ये 2,340 मायक्रोग्रॅम, काजूत 25. म्हणजे नव्वद पटींहून जास्त. काजू जिंकतो तो खनिजांत: मॅग्नेशियम 290 मिलिग्रॅम, यीस्टच्या पाचपट, लोह साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास, यीस्टच्या तिप्पट, शिवाय भरपूर तांबं. जस्तात मात्र तिथेही यीस्ट थोडं पुढेच.

आता हे आकडे ताटात वाढून बघू. बेकरीत किलोभर मैद्याला साधारण दहा-बारा ग्रॅम सुकं यीस्ट पुरतं. लादीतल्या एका पावात पंचवीसेक ग्रॅम मैदा धरला तर त्याच्या वाट्याला येणारं यीस्ट ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्यातून मिळणारं फोलेट सात मायक्रोग्रॅम. त्यातलंही काही भट्टीच्या धगीत जातं. आणि मूठभर, म्हणजे 28 ग्रॅम काजूंतून? तेही सातच मायक्रोग्रॅम. तक्त्यातली नव्वदपट आघाडी खाणाऱ्याच्या तोंडापर्यंत येता येता बरोबरीवर येते. गरोदर बाईची फोलेटची रोजची गरज साडेपाचशे मायक्रोग्रॅमच्या वर आहे. तिच्या दृष्टीने या कुस्तीत दोन्ही पैलवान कुचकामी. तिचं काम पालेभाजी, डाळी आणि सरकारी दवाखान्यातली लाल गोळी करते.

शंभर ग्रॅमच्या मापाचा याहून मोठा विनोद बघायचा तर बेकिंग पावडरीकडे जावं. तिच्या काही प्रकारांत शंभर ग्रॅममागे साडेपाच हजार मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, बदामाच्या वीसपट. हाडांसाठी बेकिंग पावडर खा, असं अजून कुणी सांगितलेलं नाही एवढंच. त्याच डब्यात सोडियम दहा हजार मिलिग्रॅम असतं आणि ते मात्र चमच्यानेही लागू पडतं: सपाट चमचाभर पावडरीत साडेचारशे-पाचशे मिलिग्रॅम. खायच्या सोड्याचा चमचा तर बाराशेच्या पुढे जातो, आणि दिवसभराची मर्यादा दोन हजारांची. शिवाय सोडा अल्कधर्मी, त्यात थायमिन टिकत नाही. छोले लवकर शिजावेत म्हणून कुकरमध्ये चिमूटभर सोडा टाकला की छोल्यांतलं थायमिन कमी होतं. फुगवणारे पदार्थ सगळे एका माळेचे मणी नव्हेत, हे यावरून कळावं.

यीस्ट खऱ्या अर्थाने अन्न म्हणून, किंबहुना औषध म्हणून दिलं गेलं त्याची गोष्ट मुंबईत घडली आहे आणि ती मुंबईकरांनाच फारशी माहीत नाही. 1928 साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक भयानक पंडुरोग दिसत होता. तांबड्या पेशी संख्येने थोड्या आणि आकाराने अवाजवी मोठ्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून तिने या बायकांचा आहार तपासला, तसाच निकृष्ट आहार प्राण्यांना देऊन पाहिला. त्या काळी अशा आजारावर यकृताचा अर्क देत, पण तो महाग. तिने मार्माइट वापरून पाहिलं. हे दारूच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा अर्क काढून केलेलं काळं, खारट, चिकट चाटण. इंग्लंडात 1902 पासून बरणीत मिळत होतं आणि लोक ते पावाला फासून खात. बायका सुधारू लागल्या. 1931 मध्ये तिने हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. यीस्टमधला तो गुणकारी घटक कोणता, हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. 1941 मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून फोलिक आम्ल वेगळं केलं गेलं, 1945 मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झालं. मघाची ती लाल गोळी म्हणजे लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल. तिच्या वंशावळीत परळ आहे.

मग चमचा-चमचा यीस्टच खावं का? बेकरीतलं जिवंत यीस्ट तर मुळीच नाही. जिवंत पेशी आपली जीवनसत्त्वं सहजासहजी सोडत नाही. उलट, आतड्यात गेल्यावर आपल्याच अन्नातलं थायमिन ओढून घेते. अमेरिकेत 1940च्या दशकात ताजं यीस्ट खाणाऱ्या लोकांवर केलेल्या प्रयोगांत हे दिसलं होतं. मार्माइट चालतं कारण त्यातली पेशी मेलेली आणि फुटलेली असते. हल्ली शहरांतल्या दुकानांत ‘न्यूट्रिशनल यीस्ट’ म्हणून पिवळे पापुद्रे मिळतात, तेही मारलेलं यीस्ट. चवीला चीजच्या जवळपास, प्रथिनं भरपूर, दोन चमचे खरोखर खाता येतात. पण त्यातलं बी-12 यीस्टने तयार केलेलं नसतं. यीस्टला ते तयारच करता येत नाही. कारखान्यात वरून मिसळलेलं असतं, म्हणून शाकाहाऱ्यांनी लेबल वाचून घ्यावं. यूरिक आम्लाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र जपूनच, कारण यीस्टमध्ये प्युरिनं फार.

पावातल्या यीस्टचं खरं पोषणकार्य तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात सापडत नाही. गव्हाच्या कोंड्यात फायटिक आम्ल असतं. ते लोह आणि जस्त घट्ट धरून ठेवतं, आतड्याला घेऊ देत नाही. पीठ भिजवून निवांत आंबू दिलं की पिठातलीच विकरं जागी होतात आणि हे आम्ल तोडू लागतात. बिहारमध्ये जन्मलेले डॉक्टर आनंद प्रसाद 1958 साली इराणमध्ये शिराझला गेले. तिथे त्यांना विशीतले तरुण दहा वर्षांच्या मुलांएवढे दिसले. खेड्यातल्या या मुलांचं जेवण मुख्यतः न आंबवलेली रोटी. माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते, हा विचार तिथून पुढे आला. आपल्या पोळीला यावरून लगेच नावं ठेवायला नकोत. सोबत डाळ, भाजी, दही असलं की चित्र बदलतं. पण गोव्याची पोई, म्हणजे कोंडा लावलेला पाव, रात्रभर माडाच्या सुरेवर, म्हणजे ताडीवर, फुगत असे, त्यात चवीपलीकडचाही फायदा होता. आता माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, बहुतेक पदेर, म्हणजे पाव भाजणारे, पाकिटातलं यीस्ट वापरतात आणि पीठ दोन-तीन तासांत भट्टीत जातं. कोंड्यातल्या लोह-जस्ताला सुटायला वेळच मिळत नाही.

काजूची गोष्ट यीस्टपेक्षा सरळ आहे. तो नुसताच खाता येतो. त्याच्याबद्दलचा एक गैरसमज मात्र चिवट आहे. काजूत कोलेस्टेरॉल नसतं. ते प्राणिज पदार्थांत असतं, काजू झाडाला लागतो. त्यातल्या 44 ग्रॅम चरबीपैकी निम्म्याहून अधिक ऑलिव्ह तेलातल्यासारखी, हृदयाला न जाचणारी. जाचतात त्या कॅलरी आणि खारवलेल्या काजूंवरचं मीठ. मूठभर काजू म्हणजे दीडशे कॅलरी, पाच ग्रॅम प्रथिनं आणि 80 मिलिग्रॅम मॅग्नेशियम, बाईच्या दिवसभराच्या गरजेच्या पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्तच. पण मूठ कोणत्या काजूंची? पाकिटावर लिहिलेला 180 किंवा 320 हा आकडा म्हणजे एका पौंडात किती गर बसतात ते. 180चे टपोरे काजू असतील तर मूठ अकरा गरांत भरते, 320चे असतील तर विसांत. वाटीतून मोजून उचलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. उन्हाळ्याच्या तोंडावर सिंधुदुर्गात ओल्या काजूगरांची उसळ होते. त्या गरात पाणी जास्त, म्हणून वाटीभर खाल्ली तरी सुक्या काजूंइतकी जड नाही. तिची किंमत ओल्या बिया कापणाऱ्या बायकांची बोटं मोजतात. कवचातलं तेल कातडी सोलवटून काढतं, हाताला खोबरेल नाहीतर राख फासूनच बसावं लागतं.

काजूगरात सी जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. ते सगळं वरच्या बोंडात, संत्र्याच्या कित्येक पट. आणि यीस्टची काजूशी खरी गाठ पडते तीही या बोंडापाशीच. गोव्यात खडकात कोरलेल्या कुंडीत बोंडं तुडवतात, निथळलेला रस भरून ठेवतात आणि बोंडाच्या सालीवर, हवेत असलेलं रानटी यीस्ट दोन-तीन दिवसांत त्यातली साखर खाऊन टाकतं. मग भट्टी लागते. पहिल्या धारेचा हुर्राक, त्याच्या पुढची फेणी. सी जीवनसत्त्व आणि यीस्टच्या पेशींतली ब जीवनसत्त्वं यांपैकी काहीही वाफेबरोबर वर चढत नाही, ती भांड्याच्या तळाशी उरलेल्या पाण्यात राहतात आणि ते पाणी बहुधा फेकून देतात.