पक्षाघातातील ‘उत्तम उपशय’ आणि हातातला घास

गतवर्षी निवृत्त प्राथमिक शिक्षक असलेले एक रुग्ण आमच्याकडे उपचारार्थ आले. वय ५८ वर्षे, दक्षिण पक्षाघात, आघात होऊन तीन महिने उलटलेले. रुग्णालयातील उपचार पूर्ण झाले होते व रक्तदाबाची औषधे नियमित चालू होती. अभ्यंग, स्वेदन, मृदु विरेचन व नंतर बस्ती असा उपक्रम आम्ही योजिला. पाच महिन्यांत वाणी स्पष्ट झाली, काठीच्या आधाराने ते चालू लागले, उजवा खांदा व कोपर हलू लागले. केसपेपरवर आम्ही समाधानाने ‘उत्तम उपशय’ अशी नोंद केली. त्याच दिवशी निघताना गुरुजी म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हात हलतो, पण घास अजून हिच्याच हातून खातो.”

डावा हात धडधाकट असताना भरवण्याची गरज का पडावी, हे आम्ही आठ महिन्यांत कोणीच विचारले नव्हते. डाव्या हाताने जेवणे गुरुजींच्या मनास पटत नव्हते. त्यांच्या पत्नी मायेने भरवीत, आंघोळ घालीत, सदरा चढवीत. सेवेत कसूर नव्हती. आणि गुरुजी दिवसेंदिवस परावलंबी होत होते.

या प्रसंगानंतर आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंचे साहाय्य घेतले. या शास्त्रास मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हणतात व तो शब्द घोटाळ्यात पाडतो. येथे व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा एवढेच नव्हे; मनुष्य उठल्यापासून निजेपर्यंत जे जे करतो ते सर्व. वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय दिनचर्येस दिला आहे. दंतधावन, अभ्यंग, स्नान आपण रोज सांगतो; ज्याच्या मुठीत ब्रश राहत नाही त्याने ते कसे करावे, हा या शास्त्राचा प्रश्न आहे. भारतात याचे शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली सुरू झाले, ते मूळच्या अमेरिकन असलेल्या श्रीमती कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. इतक्या जवळ व इतकी वर्षे असूनही आपल्यापैकी बहुतेकांस फिजिओथेरपी तेवढी ठाऊक असते.

बाईंनी प्रथम बार्थेल मापिका भरली. महोनी व बार्थेल यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या मापिकेत भोजन, स्नान, वस्त्रधारण, शौच, जिना चढणे अशा दहा बाबी असून एकूण गुण १०० आहेत. आमच्या ‘उत्तम उपशय’ असलेल्या रुग्णास भोजन, स्नान व वस्त्रधारण या तिन्हींत शून्य मिळाले. नोंद खोटी नव्हती. आम्ही मोजले ते अवयवबल, आणि गुरुजी जगत होते ते हे शून्य.

पुढील उपाय पाहून प्रथम आम्हांस हसू आले. वातानुकूलन यंत्राच्या नळीवर चढवतात तो काळा फोम चमच्याच्या दांड्यावर बसवून तो चमचा पट्ट्याने उजव्या तळव्यास बांधला. उभ्या काठाची थाळी, तिच्याखाली ओले फडके, म्हणजे ती सरकत नाही. भाकरी आमटीत कुस्करलेली. डाव्या हाताचा आग्रह बाईंनी धरला नाही. जेवायचे ते उजव्यानेच, हे गुरुजींचे म्हणणे त्यांनी प्रमाण मानले. पत्नीस मात्र ताकीद दिली, “ते जेवत असताना तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर यायचे नाही.” पहिल्या दिवशी जेवणास पाऊण तास लागला आणि अर्धी आमटी सदऱ्यावर सांडली. सदरा घालताना दुर्बल हात बाहीत आधी व काढताना शेवटी, हा साधा नियमही आम्हांस नवा होता. न्हाणीघरात स्टूल व भिंतीला आधारदांडी बसवली.

एक गोष्ट लिहिण्यास संकोच वाटतो, पण ती उपयोगाची आहे. बाईंनी उजव्या खांद्याच्या टोकाखाली बोट दाबून दाखवले, तेथे खोबण होती. अंससंधी शिथिल होऊन खाली सरकला होता. असे पक्षाघातात स्वतःहून होते, परंतु आमचा परिचारक अभ्यंगाच्या वेळी मनगट धरून हात वर खेचत असे. ते आमच्या डोळ्यांदेखत चालले होते! आता एक हात खांद्याच्या फऱ्यावर व दुसरा कोपराखाली ठेवूनच तो हात उचलला जातो. स्पर्शज्ञान मंदावलेल्या अंगावर स्वेदन देतानाही उष्णता निरोगी अंगावर आधी पाहण्याची शिस्त आम्ही लावली आहे.

औषधविक्रेते बंधूंना एक विनंती. स्नानाचे स्टूल, कमोड खुर्ची, जाड मुठीचे चमचे अवश्य ठेवावेत. ग्रामीण भागात ती मागूनही मिळत नाहीत. मनगटाचा तयार स्प्लिंट मात्र हात न पाहता विकू नये. बेताचा न बसलेला स्प्लिंट त्वचेस व्रण करतो, आणि बधिर हाताच्या रुग्णास ते कळतही नाही.

गुरुजींच्या केसपेपरवर आता भोजनापुढे १०, स्नानापुढे ५ व वस्त्रधारणापुढे ५ गुण आहेत. बटणे अजून त्यांच्या पत्नीच लावतात.