वाळवण : सामूहिक श्रमाची एक घरगुती व्यवस्था (दिंडोरी परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

एकाच दिवशी, अनेक हातांनी, अनेक महिन्यांचे अन्न तयार करून ठेवणे ही कल्पना आज प्रामुख्याने डीप फ्रीझरशी जोडली जाते. पाश्चात्त्य देशांत काही मैत्रिणी एकत्र येऊन पुढील कित्येक दिवसांचे जेवण एका बैठकीत शिजवतात व गोठवून आपापल्या घरी नेतात. परदेशस्थ मराठी कुटुंबांतही पुरणपोळ्या व मोदक अशा रीतीने करून ठेवले जातात. महाराष्ट्राला मात्र ही कल्पना नवी नाही. येथे गोठवण्याचे काम उन्हाने केले आणि त्या कामास 'वाळवण' हे नाव मिळाले. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी परिसराच्या संदर्भात वाळवणामागील तंत्र, त्यातील श्रमाची देवाणघेवाण आणि या व्यवस्थेपुढील आजचे प्रश्न स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाळवणाचे तंत्र

अन्न नासते ते मुख्यतः सूक्ष्मजीवांमुळे, आणि सूक्ष्मजीवांना वाढीसाठी पाणी लागते. डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याचे बर्फ होते व सूक्ष्मजीवांची वाढ थांबते. ते मरतातच असे नाही. वाळवणात पाणीच काढून टाकले जाते. पदार्थातील जल-क्रियाशीलता ०.६ च्या खाली गेली की बुरशीही वाढू शकत नाही. दोन्ही पद्धतींचे उद्दिष्ट एकच असले तरी एक महत्त्वाचा भेद आहे. गोठवलेले अन्न टिकविण्यासाठी वीज अखंड लागते. वाळवलेल्या अन्नाला एकदा ऊन मिळाले की पुढे केवळ कोरडा, घट्ट झाकणाचा डबा पुरतो. ग्रामीण भागात वाळवण टिकून राहण्याचे हे एक व्यावहारिक कारण होय.

होळी ते अक्षय्य तृतीया हा वाळवणाचा मुख्य हंगाम. या काळात ऊन कडक व हवा कोरडी असते. दिंडोरी तालुक्याच्या पश्चिमेस, पेठ व सुरगाण्याच्या बाजूला, नागलीचे पीक घेतले जाते, तर मैदानी भागात गव्हाचे. त्यामुळे नागलीचे पापड, गव्हाच्या कुरडया, शेवया, उडदाचे पापड आणि सांडगे असे विविध प्रकार या परिसरात आढळतात.

अनेक हात कशासाठी?

वाळवण सामूहिक का असते, याचे उत्तर केवळ 'गप्पा व गंमत' असे देणे अपुरे ठरेल. कुरडईचे उदाहरण पाहावे. गहू सुमारे तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून त्यातील चीक गाळून घेतला जातो. चीक रात्रभर स्थिरावल्यावर वरचे पाणी काढून टाकतात. पहाटे मिठाच्या उकळत्या पाण्यात तो ओतून सतत घोटला जातो. या वेळी पिष्टकण पाणी शोषून फुगतात व मिश्रण झपाट्याने घट्ट होते. घोटणारा हात क्षणभर थांबला तर गुठळ्या होतात. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून दाबावा लागतो, कारण निवल्यावर तो सुटत नाही. म्हणजे एकीने घोटायचे, दुसरीने सोऱ्या भरायचा, तिसरीने दाबायचा आणि चौथीने खाटेवर वा कापडावर जागा करून द्यायची, हे सर्व जवळजवळ एकाच वेळी व्हावे लागते. शिवाय ऊन वर येण्यापूर्वी कुरडया घालून झाल्या तरच त्यांना पूर्ण दिवसाचे ऊन मिळते. उडदाच्या पापडाचेही तसेच आहे. पापडखार घालून कुटलेले घट्ट पीठ उघडे राहिल्यास कोरडे पडते. लाट्या झाल्या की लाटणाऱ्या अनेकजणी लागतात.

सावडीचा हिशेब

शेतीच्या कामात एकमेकांकडे श्रमाची परतफेड करण्याच्या रीतीस मराठीत 'सावड' म्हणतात. वाळवणातील देवाणघेवाण ही सावडच होय. समजा, एका आळीतील पाच घरांनी पाच दिवस वाटून घेतले. प्रत्येक घरातील एक स्त्री पाचही दिवस काम करते. एकूण श्रम पंचवीस दिवसांचे होतात. प्रत्येकीच्या वाट्याला पाच दिवस येतात. वरवर पाहता श्रमांत काहीच बचत झालेली नाही. परंतु एकटीने पाच दिवसांत जे काम साधलेच नसते, ते पाचजणींनी एका पहाटेत साधलेले असते. सावड श्रम कमी करीत नाही, ती श्रम योग्य वेळी एकत्र आणते. हेच तिचे मर्म आहे.

हा हिशेब वहीत नसतो, पण तो काटेकोर असतो. कोण आली होती, कोणाकडे जायचे राहिले, कोणी स्वतः न येता सुनेला पाठविले, हे सर्वांच्या स्मरणात असते. बाळंतीण वा आजारी स्त्रीला मुदत मिळते. ज्या घरात दुसरी बाई नाही तिचे काम आधी उरकले जाते. मात्र या व्यवस्थेचे केवळ गुणगान करणे अयोग्य होईल. सावड बहुधा आळी, नाते व जात यांच्या मर्यादेत चालत आली. लग्नघरातील मुहूर्ताच्या सांडग्यांना सवाष्णींनाच हात लावू देण्याच्या प्रथेने विधवांना त्या प्रसंगातून दूर ठेवले, हेही नोंदविले पाहिजे.

बदललेला हंगाम

द्राक्षशेतीच्या विस्ताराने दिंडोरी परिसरातील स्त्रियांच्या वेळेचे गणित बदलले. द्राक्षांची काढणी साधारणतः जानेवारी ते एप्रिल या काळात चालते व एप्रिलमध्ये खरड छाटणीची कामे सुरू होतात. वाळवणाचे दिवस आणि मजुरीचे दिवस त्यामुळे एकमेकांच्या आड येतात. वाळवणासाठी दिलेल्या दिवसाची किंमत आता बुडालेल्या रोजंदारीत मोजता येते. मार्च-एप्रिलमधील अवकाळी पाऊस व गारपीट द्राक्षबागेइतकीच खाटेवरच्या कुरडयांचीही हानी करते. पहिल्या नुकसानीचा पंचनामा होतो, दुसऱ्या नुकसानीची कोठेही नोंद होत नाही.

अशा स्थितीत बाजारातून तयार पापड घेणे हा समंजस निर्णय ठरतो. परंतु पाचपैकी दोन घरांनी तो घेतला की उरलेल्या तिघींची सावड मोडते. ज्या घरात पैसा कमी व हात एकच, त्या घरातील वृद्ध वा एकट्या स्त्रीला याचा फटका प्रथम बसतो. तिच्याजवळ परतफेडीसाठी श्रमाखेरीज दुसरे काहीच नव्हते, आणि आता त्या श्रमाला कोणी घेणारे नाही.

श्रमाचे मोल

घरच्या वापरासाठी पदार्थ तयार करून साठविणे हे संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या राष्ट्रीय लेखा पद्धतीनुसार तत्त्वतः 'उत्पादन' आहे. रोजचा स्वयंपाक मात्र त्या व्याख्येबाहेर राहतो. वाळवण करणारी स्त्री एकाच दिवशी या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना राबत असते. भारत सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. वाळवणाचे श्रम बहुतांशी या रोजच्या घरकामावर चढलेले असतात.

हेच कौशल्य मोजले गेले तर काय घडते, याचे उदाहरण मुंबईत सापडते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन एका गच्चीवर पापड लाटले. त्यातून 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था उभी राहिली. संस्थेच्या केंद्रातून पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे आणि ते परत करून मोबदला घ्यायचा, ही तिची रीत सावडीहून भिन्न असली तरी मालकी लाटणाऱ्या भगिनींचीच राहिली. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

समारोप

वाळवण म्हणजे केवळ पदार्थांची यादी नव्हे. ऊन, वेळ व हात यांचा मेळ घालणारी ती एक संस्था आहे. तिच्यात स्त्रियांनी अध्यक्ष वा नियमावलीवाचून पाळ्या ठरविल्या आणि श्रमाचे ऋण फेडले. पापडाचे यंत्र, सौर वाळवणी यंत्र वा डीप फ्रीझर ही साधने उपयुक्तच आहेत. परंतु ती प्रत्येक घराला एकेक देण्यापेक्षा आळीतील गटाच्या सामाईक मालकीची असल्यास सावडीचा धागा टिकू शकेल, आणि त्या गटात पूर्वी वगळल्या गेलेल्या स्त्रियांनाही जागा करता येईल. बचत गटांचा अभ्यास करणाऱ्यांनी पैशाच्या वहीसोबत श्रमाच्या या अलिखित वहीकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. ती वही ज्यांच्या स्मरणात आहे, त्या स्त्रिया आज वृद्ध झाल्या आहेत.